घर पाहावं रंगवून

“जरा सरकतेस का? तुझी सावली पडतेय माझ्या भिंतीवर,” रंगारी बायकोला म्हणाला.

भिंत त्याची नव्हती. घरही त्याचं नव्हतं. ते होतं खाली पायरीवर ऊन खात बसलेल्या मावशींचं, आणि मावशी म्हणजे कुणी नात्यातल्या नव्हेत. घर विकायला काढलेली एक एकटी म्हातारी. पण रविवारमागून रविवार एखाद्या भिंतीपुढे ब्रश घेऊन उभं राहिलं, की माणसाची जीभ तिला आपली म्हणू लागते. बायको सरकली आणि खिडकीपाशी जाऊन म्हणाली, “इथं उजेड चांगला आहे. मशीन इथंच ठेवायचं.” तिचं शिवणयंत्र अजून भाड्याच्या खोलीत पलंगाखाली होतं, पण मनातल्या मनात तिने ते इथे आणून, तेलपाणी करून चालवायलाही घेतलं होतं.

हा सगळा उद्योग मागे लागला तो घरमदत योजनेमुळे. बेताच्या मिळकतीच्या माणसांना पहिलं घर घ्यायला सरकार हातभार लावणार, अशी ऑफिसवर पाटी होती आणि पाटीवर एक हसरं कुटुंबही होतं. त्या कुटुंबाने कधी अर्ज केला नसावा, असं रंगाऱ्याचं मत होतं. ऑफिसच्या खिडकीत बसणाऱ्या बाई काही वाईट नव्हत्या. पण मिळकतीचा दाखला हाती येईपर्यंत घराच्या तपासणीची मुदत टळायची आणि तपासणीची नवी तारीख मिळेपर्यंत दाखला शिळा व्हायचा. घर पाहावं बांधून म्हणणाऱ्या जुन्या लोकांना योजनेतून घर घ्यावं लागलं नाही, हे त्यांचं नशीब.

एकदाचा दाखला ताजा असताना तपासनीस आला. त्याने भिंतींचे पोपडे नखाने उडवून पाहिले, जिन्याचा कठडा हलवला, कोपऱ्यातल्या ओलीवर बॅटरी मारली आणि घर नापास केलं. आधी दुरुस्ती, मग मदत, असा योजनेचा नियम. रंगाऱ्याने मावशींना तो परोपरीने समजावून सांगितला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, मी आहे तसं विकतेय,” त्या म्हणाल्या. “माझ्याच्याने आता एक खिळा ठोकवत नाही.”

दुसरा कुणी असता, तर हात जोडून मोकळा झाला असता. पण हा हाडाचा रंगारी. पोपडे दिसले की त्याचे हात शिवशिवायचे, मग ते कुणाच्याही भिंतीचे असोत. त्यातून हे घर आज ना उद्या आपलंच होणार. बायकोने त्याला अडवून पाहिलं. दुसऱ्याच्या घराला आपला रंग कशाला, असं तिने विचारलं, बाजारात तुरी म्हणून चिडवलंही. तो म्हणाला, आजच्यापुरतं दुसऱ्याचं. पुढच्या रविवारी तीही बाह्या सरसावून आली.

रंग म्हणजे इतरांच्या घरांतून उरलेले डबे. एकात तळाशी पिवळा, एकात पांढरा, कुठे चमचाभर गुलाबी. त्याने सगळे एकत्र घोटले आणि जो निघाला, त्याला दुकानात नाव नव्हतं. सकाळी तो सायीसारखा दिसे, दुपार उतरली की मधासारखा. बायको तासन् तास त्याच्याकडे बघत बसे. पूर्वी इतका वेळ ती फक्त गाडी चुकल्यावर बसलेली त्याने पाहिली होती.

ते रविवार कसे गेले, हे दोघांना नीट सांगता आलं नसतं. डबा खाऊन झाला की ती दोघं वरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून आडवी व्हायची. ऊन एका भिंतीवरून दुसरीवर सरकायचं. खिडकीकडे कोण झोपणार यावर थोडं भांडण व्हायचं. दोघांनाही खिडकी हवी असायची आणि दोघंही ती दुसऱ्याला द्यायची. एकदा तिचा डोळा लागला आणि अर्धवट जाग येताच तिने विचारलं, “अहो, दाराला कडी घातली का?” तोही झोपेतच म्हणाला, घातली. मग जागं झाल्यावर दोघंही त्याबद्दल काही बोलली नाहीत.

घर उजळत गेलं. कठडा घट्ट झाला, ओल हटली, रस्त्याने जाणारे मान वळवू लागले. रंगारी आनंदाने ऑफिसात गेला. खिडकीतल्या बाईंनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि खरंच वाईट वाटून सांगितलं की यंदाचा निधी संपला. नवा कधी येईल, हे वरून कळेल. तेव्हा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. येरे माझ्या मागल्या. मावशी थांबतील, असं म्हणत तो परतला, आणि घरी बायकोलाही त्याने तेवढंच सांगितलं.

मावशी थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी दोघं आली, तर त्या फाटकातच उभ्या होत्या.

“काल एका जोडप्याशी बोलणी झाली,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे पैसे तयार आहेत. लेकीने माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय, किती दिवस ठेवील ती? इतके महिने कुणी फिरकलं नव्हतं, बाबा. तू रंग दिलास आणि...” मग त्या रंगाचे पैसे देते म्हणाल्या, तर त्याने नुसती मान हलवली.

मावशींचा राग येईना, घेणाऱ्यांचा येईना. राग आला तो स्वतःच्या हातांचा. पोपडे तसेच राहू दिले असते, तर हे घर आजही गिऱ्हाईकाविना त्याच्यासाठी थांबलं असतं. जरा वेळाने तो बायकोला म्हणाला, फाटक राहिलंय. तिने डबा उघडून धरला आणि तो फाटक रंगवायला बसला.

घर घेणारं जोडपं दुपारी आलं. तरुण होतं, बोलायला मऊ होतं. मावशींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी रंगाऱ्यालाच घर दाखवायला सांगितलं. तो ब्रश पुसून उठला. वरच्या खोलीत पलंग या बाजूला ठेवा, तो म्हणाला, सकाळचं ऊन डोळ्यांवर येत नाही. जिन्याची तिसरी पायरी वाजते, पण ती धोक्याची नाही. ही खिडकी ओढू नका, थोडी उचलून लावा. एकेक गोष्ट सांगताना त्याचा आवाज हळू होत गेला, पण त्याने काहीही हातचं राखलं नाही. शिवणकाम करता का, असं त्याच्या बायकोने त्या तरुणीला विचारलं आणि उजेड कुठे चांगला पडतो ते दाखवलं.

तरुणी दोघांकडे बघत राहिली. “तुम्ही आधी इथं राहत होता का?” तिने विचारलं.

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं.

“हो,” बायको म्हणाली. “थोडे दिवस राहिलो.”

मग दोघं खाली आली, डबे पिशवीत भरले. फाटकाचा रंग अजून ओला होता. तिने दोन बोटांनी, रंग न लागलेल्या कडीला धरून, ते सावकाश लावून घेतलं.