पक्की ट्रॉली

ज्या माणसानं माह्या मेलेल्या नवऱ्याले बेवडा ठरवलं, थो एक दिवस माह्याच दारात येऊन मले म्हणते, "बाई, ट्रॉली एकदम पक्की पाह्यजे. भावाचं मंग पाहू."

घ्या! इतकी वर्सं मी देवाले एकच मागत होती, का हा माणूस एकदा समोर येऊ दे. देवानं तं घरपोच पाठवला.

थो म्हणजे महादेवराव. अमरावतीत त्याची लाकडाची वखार होती, अन् कौंडण्यपूरच्या नावघाटाचा ठेकाही त्याच्याकडंच. बडनेऱ्याले स्टेशनच्या मांगं माह्या भावाचा, पुंजाजीचा, ट्रॉल्या बनवाचा कारखाना. कारखाना म्हणजे टिनाचं छप्पर अन् भट्टी. पुंजाजी लोखंड ठोके, अन् मी, दुर्गाबाई, बाजीवर बसून गिऱ्हाइकाशी भाव करो. पुंजाजीले भाव करता येत नाई, लाजते बिचारा.

महादेवरावानं मले ओळखलं नाई. ओळखन तरी काहून? नदीवर राहत होती तवा माहा पदर नाकापर्यंत राहे. अन् त्याच्या दारात न्याव मागाले गेली होती, तं बाहेरच आला नाई मेला. दिवाणजीनं हाकलली मले.

माहा नवरा भगवंत त्याच्याच नावेवर नावाडी होता. जातीचा भोई, नदीतच वाढलेला, गळ्यात तुळशीची माळ. कार्तिकातल्या जत्रेत नाव भरली, तसं भगवंतानं हात वर केला, "बस, आता नाई." तं महादेवराव काठावरून वरडला, "चाल बे, तुले कोनं इचारलं? घे अजून!" अन् सोताच्या हातानं लोकं कोंबले. तिसाच्या नावेत साठ. मधात डोहावर नाव पलटली. भगवंतानं बुडी मारू मारू लेकरंबाळं काहाडली, अन् शेवटच्या बुडीतून वर आलाच नाई. दुसऱ्या दिवशी महादेवरावानं पंचाईत बसवून सांगतलं, का नावाडी पिऊन होता. झालं! माळकरी माणूस एका रातीत बेवडा झाला. सासरच्यांनी मले काहाडून देल्लं, अन् पाण्याले गेली का बाया म्हणत, बेवड्याची बायको आली. हे आग माह्या पोटात तवापासून होती.

अन् आता थो माह्या बाजीवर पाय लांब करून बसला होता अन् पुंजाजीनं आणलेला चहा पिऊन राहिला होता.

त्यानं नवी नाव बनवून घेतली होती. वखारीतच, नागपूरकडचे सुतार आणून. लय मोठी, दोन ट्रकांएवढी लांब. ते जत्रेच्या आंधी अमरावतीहून कौंडण्यपूरले न्याची होती.

"लाकडी चाकं लावली तं किती लागतीन?" त्यानं इचारलं.

"कमी लागतीन," मी म्हटलं. "पण कुऱ्हा गावाच्या पुढं काळ्या मातीत चाक बसन, अन् तुमची नाव शेतात आडवी होईन. मंग बसा तुरीत वल्हं मारत."

पुंजाजी खाली मान घालून हासला. महादेवराव नाई हासला.

मी त्याले सारं समजावून सांगतलं. लढाईच्या टायमाच्या मिलिटरी ट्रकचे आस आमी लिलावात घेतले होते. एका आसावर एवढं वजन हिंदकळते, म्हणून दोन आस पाह्यजे, रबरी टायर पाह्यजे, अन् नावेच्या पोटाखाली सागाच्या खोबणी पाह्यजे. अन् समोर एक लोखंडी राहाट, दांडा फिरवला का दोरानं नाव पाण्यात सोडता येते, वर ओढता येते.

"राहाट कशाले? माणसं ओढतीन. तेवढा काटून टाक भावातून."

"राहाट राहीन," मी म्हटलं. मले सोतालेच माहा आवाज कडक वाटला, म्हणून मी जराशी हासली. "राहाट माह्याकडून. फुकट."

फुकट म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला. मंग म्हणे सोळाशे लय होते, चौदाशे करा. राहाट राहीन म्हटलं, तवाच माह्या डोक्यात थे आलं होतं. आमी भोयाच्या पोरी, आमाले कोनी शिकवावं लागत नाई. लाकडी नाव पाण्याभायेर ठेवली, अन् तिच्यावर अश्विनातलं ऊन पडलं, का फळ्या आक्रसतात अन् सांधे उघडतात. म्हणून आमी नाव काठावर घेतली का तिच्यावर ओले पोते टाकतो. हे नदीवरच्या माणसाले माहीत. वखारीतल्या माणसाले नाई.

"चौदाशेत देते," मी म्हटलं. "पण दसऱ्याले ट्रॉलीची पूजा करून, नाव चढवून, जत्रेपर्यंत तुमच्या दारात उभी ठेवाची. ट्रॉलीवर आमच्या दुकानाची पाटी राहीन. तुमची नाव पाहाले अख्खी अमरावती येईन, त्याच्यात आमचीबी जाहिरात होईन."

अख्खी अमरावती येईन म्हटल्यावर थो ज्या तऱ्हेनं मिशीवर हात फिरवू लागला, तवाच मी समजली का मासा गळाले लागला. त्यानं लगेच इसार काहाडला.

रातच्याले पुंजाजी मले म्हणे, "ताई, काय करून राहिली तू?"

"ट्रॉली बनव," मी म्हटलं. "अशी बनव का तुह्या जिंदगीत बनवली नसन. एकही जोड कच्चा नको. अन् राहाट तं डबल पक्का."

त्यानं बनवली. वा रे माहा भाऊ! बडनेऱ्याचे रेल्वेतले फिटर ते पाहाले आले होते.

दसऱ्याले नारळ फुटला, झेंडूचे हार चढले, अन् नाव त्याच्या दारात उभी राहिली. निळी अन् पिवळी रंगवलेली. सुतारांनी जाताजाता त्याले सांगतलं होतं, का सायेब, ओले पोते टाकत जा. दोन दिवस टाकले त्यानं. मंग म्हणे, पोत्यानं रंग झाकते, लोकाले दिसत नाई. काहाडून टाकले. मी दर आठवड्याले बडनेऱ्याहून अमरावतीले जाऊन पाहून येत होती. ऊन असं का डांबर बोटाले लागे. मले लय थंड वाटे.

जत्रेच्या तोंडावर फळ्याच्या मधात रेघा दिसू लागल्या, तं त्यानं वरून आणखीन एक हात रंग मारून घेतला.

कौंडण्यपूरले ट्रॉली सुखरूप पोचली. एक नट ढिला झाला नाई. काठावर ही गर्दी! मी जत्रेच्या आंधीच माह्या माहेरच्या भोयांना एवढंच सांगतलं होतं, का त्या दिवशी माह्याकडं पाहाचं, नदीकडं नाई. नव्या नावेची आमची एक रीत हाय. पहिल्या खेपेले मालक एकटा बसते, नदीची ओटी घेऊन. काठावरून दोर सोडत सोडत त्याले डोहापर्यंत नेतात, थो ओटी सोडते, मंग त्याले ओढून आणतात. तोपर्यंत दुसऱ्या कोनी नावेत पाय ठेवाचा नाई. ह्या रितीच्या भरवशावरच तं मी सारं बांधलं होतं.

पण त्याची बायको मनकर्णाबाई खण-नारळ घेऊन नावेत चढून बसली. मी पाण्यात उतरली, तिचा हात धरला.

"बाई, तुमी उतरा."

"काहून?"

"रीत नाई. उतरा म्हटलं ना!"

ते माह्या तोंडाकडं पाहत राहिली अन् उतरली. ओटी नवऱ्याच्या हातात देली तिनं. मी ट्रॉलीपाशी गेली अन् राहाटाचा दांडा पुंजाजीच्या हातातून घेतला.

दोर सुटला. वाजंत्री वाजून राहिली होती. नाव डोहात पोचली, तसा महादेवराव ओटी सोडाले वाकला अन् वाकलेलाच राहिला. मंग पाय उचलून पाहू लागला. धोतर ओलं झालं होतं.

"पाणी! पाणी येऊन राहिलं! ओढा!"

मी दांड्याले खीळ घातली.

लोकाले वाटलं पूजाच चालू हाय. मंग नाव एका आंगाले कलली, तशी वाजंत्री बंद पडली. काठावर माह्या माहेरचे सारे भोई उभे होते, पट्टीचे पोहणारे. त्याईनं माह्याकडं पाह्यलं. एकही हलला नाई.

"ओढ ना बाई! मले पोहता येत नाई!" नावघाटाचा ठेकेदार, अन् पोहता येत नाई!

मी पदर डोक्यावरून खाली पाडला. "मी भगवंताची बायको हाय, महादेवराव! आता ओळखलं काय? सांगा लोकाले, त्या दिवशी भगवंत पेला होता काय?"

"अवं ओढ आंधी!"

"आंधी सांगा!"

पाणी त्याच्या कमरेले लागलं. नारळ तरंगत दूर गेला. मनकर्णाबाई माह्या बाजूले येऊन उभी होती. मले वाटलं ते आता माह्या पाया पडन, नाईतं झिंज्या धरन. पण ते नदीकडं तोंड करून एवढंच वरडली, "अवो, खरं असन थे बोला ना! आता तरी बोला!"

अन् थो बोलला. आख्ख्या जत्रेसमोर, गळ्यापर्यंत पाण्यात. "नव्हता पेला! थो नाई म्हणे! म्याच कोंबले लोकं! म्याच! ओढ आता, ओढ वं माय!"

मी खीळ काहाडली. दांडा जड होता, भरलेली नाव होती ते. पुंजाजी मदतीले आला, तं मी त्याले ढकललं. ट्रॉली जागची हालली नाई, दोन्ही आस मातीत घट्ट, अन् मी एकटीनं त्याले काठावर आणलं. हाताची सालपटं निंघाली.

थो चिखलात पालथा पडला, पाणी ओकला, अन् वर पाहून म्हणे, "मारून टाकलं असतं तू मले."

"माराचं असतं तं राहाट काहून पक्का केला असता? अन् थोबी फुकट?"



सासरच्या भोयातला एक म्हातारा पुढं आला. भगवंत पेत होता म्हणून पंचाईतीत यानंच मान हालवली होती. त्यानं डोक्याचं फडकं काहाडलं अन् माह्यासमोर उभा राहिला. मी त्याले बसही म्हटलं नाई, अन् आजही म्हणणार नाई.

मंग मी बाजूच्या पाणवठ्यावर गेली, सालपटलेले हात धुवाले. पाण्यावर बाया होत्या. एकीनं दुसरीले सरकाले सांगतलं, "जागा दे वं. भगवंताची बायको आली."

हात पाण्यात तसेच राहिले माहे. मंग मी रडली, भगवंत गेल्यावर पहिल्यांदा.