पान एकेचाळीसवरची शंका

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी चाळणीने पान एकेचाळीसवरच्या एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात प्रश्नचिन्ह केले. शब्द होता 'आपणहून'. त्याच्या शुद्धलेखनात काही खोट नव्हती.

पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत मुद्रिते तपासण्याचे काम ती बावीस वर्षे करत होती. नजरेखालून काही निसटत नाही म्हणून सगळे तिला चाळणी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते मनातून आवडे. आज टेबलावर होते ते पाचवीचे नीतिशिक्षणाचे पुस्तक. त्यातला कायद्याचा भाग एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिला होता, धर्माचा एका धर्मोपदेशकांनी आणि शाळेचा बाईंनी. बाई म्हणजे चाळणीच्याच पाचवीच्या वर्गशिक्षिका. वय अठ्ठ्याहत्तर, अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखे सरळ. पान एकेचाळीसवर त्यांचा धडा होता आणि धड्यातली मुलगी चाळणी होती.

धडा छोटा होता. पाचवीतल्या एका मुलीला नकाशाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळते. दुसऱ्या दिवशी ती भर वर्गात आपणहून उभी राहते आणि सांगते, की नकाशा तिने काढलेला नाही. पुस्तकातल्या नकाशावर कागद धरून, खिडकीच्या काचेवर ठेवून गिरवलेला आहे. ती बक्षीस परत करते. वर्ग टाळ्या वाजवतो. धड्याखाली चौकट होती: 'सत्य घटना'.

चौकटीचा आग्रह न्यायाधीशांचा. मुलांना खरेपणा शिकवायचा आणि त्यासाठी गोष्ट रचायची, हे त्यांना पटत नव्हते. म्हणून अशा प्रत्येक पानावर लेखकाची सही आणि पानाबरोबर तपासनिसाची चिठ्ठी लागे: 'मजकूर तपासला. शंका नाही.' या पुस्तकात अशा नऊ चिठ्ठ्या होत्या. आठांवर चाळणीची सही झाली होती. नववी सकाळपासून तिच्या चष्म्याच्या डबीखाली पडून होती.

गोष्ट तिला नवी नव्हती. बाईंनी ती पस्तीस वर्षे सांगितली होती, निवृत्तीपर्यंत प्रत्येक वर्गाला आणि पुढे भेटेल त्याला; चाळणीच्या लग्नातही सांगितली होती. चाळणीची मुलगी आता चौथीत होती आणि 'पुढच्या वर्षी मला आई अभ्यासाला आहे' असे तिने वर्गभर करून ठेवले होते. लग्नात टाळ्या पडल्या तेव्हा चाळणी हसली होती. छापील अक्षरांत मात्र ती गोष्ट तिने आज पहिल्यांदा पाहिली, आणि छापील अक्षरांपुढे तिला हसून सोडून देता येत नसे.

साडेबाराला खालून छपाईच्या मशीनवाल्याचा फोन आला.

"अहो चाळणीबाई, बाकी सगळी पानं लावून तयार आहेत, तुमचा सोळा पानांचा एक फर्मा तेवढा अडलाय. एवढं काय चाळताय?"

"खडा आहे एक."

"मग काढा आणि द्या पाठवून."

"माझ्याच दाताखाली आलाय हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन वाजता तिन्ही लेखक शेवटच्या सह्यांसाठी यायचे होते. बाई पावणेतीनलाच आल्या. त्या कुठेही पंधरा मिनिटे आधी जात आणि उशिरा येणाऱ्यांकडे बघत बसत. चाळणीने त्यांना पाणी दिले, खुर्ची पंख्याखाली ओढून दिली, मग पान त्यांच्यापुढे सरकवले.

बाईंनी गोल पाहिला.

"'स्वतःहून' हवं का?"

"शब्द बरोबर आहे, बाई. झालं तसं नव्हतं."

तिने दोन्ही तळहातांनी पान टेबलावर सपाट केले. ते आधीच सपाट होते.

"लंबूनं मला काचेपाशी पाहिलं होतं. माझ्या बाकावरची लंबू. सकाळी वर्गात शिरताना ती म्हणाली, मधल्या सुट्टीपर्यंत सांग, नाहीतर मी सांगेन. म्हणून मी उठले. दुसऱ्या तासाला. ती म्हणाली नसती तर मी उठले नसते, बाई. टाळ्या वाजल्या तेव्हा सगळ्यांत जोरात तिनं वाजवल्या. नंतर याबद्दल कुणाला एक शब्द बोलली नाही. मलासुद्धा नाही."

बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला.

"मधल्या सुट्टीची मुदत माझी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"लंबू आदल्या संध्याकाळी माझ्या घरी आली होती. दारातच रडायला लागली. म्हणाली, मैत्रिणीचं नाव सांगितलं तर चुगली, नाही सांगितलं तर खोटेपणा, मी काय करू? मी म्हटलं, मला नाव सांगूच नकोस. तिलाच सांग, मधल्या सुट्टीपर्यंत वेळ दे. सकाळी तू उठलीस, तेव्हा नाव कळलं."

चाळणी उभी होती ती बसली.

"तुम्हाला ठाऊक होतं? मग 'आपणहून' कसं लिहिलंत?"

"लिहिलं नाही, आधी बोलले. वर्गात. तुझी मान इतकी खाली गेली होती, की ती वर यावी म्हणून म्हटलं: बघा, आपणहून आली. मग दरवर्षी तेच म्हणत गेले. दहाएक वर्षांनी मलाच ते तसं दिसायला लागलं."

"आणि सही?"

"केली. हात जरासुद्धा थरथरला नाही. ते जास्त वाईट." बाईंनी पेन्सिल उचलली आणि तिचे टोक बघितले. "तू गोल फार मोठा काढतेस. पूर्वीपासून."

चाळणीला हसू आले. पस्तीस वर्षे उचलून धरलेली एखादी वस्तू खाली ठेवावी तसे तिचे खांदे उतरले. तिने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला.

न्यायाधीश आणि धर्मोपदेशक तीनला आले ते जिन्यातच कशावरून तरी वाद घालत. बाईंनी त्यांना बसूही दिले नाही. पान पुढे केले आणि सगळे सांगून टाकले, सहीसकट.

"म्हणजे निवेदन खोटं ठरतं," न्यायाधीश म्हणाले.

"खोटं. माझं."

"मग सोपं आहे. चौकट काढा. गोष्ट राहू दे."

"किंवा तो शब्द काढा," धर्मोपदेशक बिस्किट घेत म्हणाले, "आणि खरं राहू दे."

"शब्द काढला तर उरतं काय? मुलगी घाबरली आणि उठली."

"मग काय झालं? चाळीस वर्षं मी लोकांना चांगलं वागा म्हणून सांगतोय. निम्मे भीतीनंच वागले. मी कधी परत पाठवले नाहीत."

"माझ्याकडे तर भीतीशिवाय कुणी यायचंच नाही," न्यायाधीश म्हणाले, आणि बाई मोठ्याने हसल्या.

चाळणी मात्र पानाकडे बघत होती.

"धड्यात लंबू नाहीच आहे," ती म्हणाली. "काही केलं असेल तर ते तिनं केलं. ती हवी."

"मग तिची संमती हवी," न्यायाधीश म्हणाले. "आणि तिची साक्षही. भेटता का तुम्ही?"

"ती बस डेपोत वेळापत्रक बघते. बोलतो आम्ही अधूनमधून. याच्यावर कधीच नाही."

"लावा फोन," न्यायाधीश म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

चाळणीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून आधी बसचा आवाज आला, मग लंबूचा.

"काय गं? दुपारचा फोन? बरी आहेस ना?"

चाळणीने थोडक्यात सांगितले. पलीकडे एक बस निघून गेली.

"मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही गं."

आता बाई फोनवर वाकल्या. "आणि माझ्या घरी आली होतीस ते?"

"अगंबाई! बाई आहेत?" लंबूचा आवाज उभा राहिल्यासारखा झाला. "नाही बाई. तेही नाही आठवत."

"साक्षीदार फिरला," न्यायाधीश हळूच म्हणाले.

"आहे तसं छापा ना," लंबू म्हणाली. "कशाला उकरताय? हिची मुलगी जाणार ना आता पाचवीत?"

चाळणीने फोन हातात घेतला. "लंबू, तू खोटं बोलतेयस."

"किती जण ऐकतायत तिथं?"

"चौघं. एक न्यायाधीश आहेत, एक धर्मोपदेशक."

"अगं मग आधी सांगायचंस! त्यांच्यापुढे खोटं बोलायला लावलंस ना मला!" टेबलाभोवती सगळे हसले, तेव्हा लंबूही हसली. "सहाला सुटते मी. येते तिकडे. तोवर काही छापू नका."

चाळणीने मशीनवाल्याला फर्मा उद्यावर ठेवायला सांगितले. बाईंनी कोरा कागद मागितला आणि धडा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला. सह्या झाल्यावर बाकीचे दोघे निघायला मोकळे होते, पण कुणी उठले नाही. धर्मोपदेशकांनी दुसरा चहा सांगितला.

साडेचारला चाळणीच्या मुलीचा फोन आला. शाळा सुटली की ती रोज करी.

"आई, माझं पान छापलं?"

"नाही. थांबवलंय. चूक आहे त्यात." चाळणी खिडकीशी गेली, पण खोली लहान होती. "मी आपणहून नव्हतं सांगितलं. लंबूमावशी म्हणाली होती, तू सांग नाहीतर मी सांगते. म्हणून सांगितलं."

पलीकडे काहीतरी कुरकुरीत खाल्ले जात होते, ते थांबले.

"आणि नकाशा खरंच गिरवलेला?"

"खरंच."

"सगळा?"

"सगळा. नद्यासुद्धा."

"मी आख्ख्या वर्गाला सांगितलंय, त्याचं काय आता?"

"परत सांगावं लागेल. मी येते हवं तर तुझ्याबरोबर."

"नको! तू आलीस तर आणखीनच होईल." परत कुरकुर सुरू झाली. चाळणीने कपाळ खिडकीच्या गजाला टेकले आणि श्वास सोडला. "आई, पण मग पहिलं बक्षीस कुणाला दिलं?"

 चाळणीने फोनवर हात धरून मागे वळून विचारले, "बाई, ते बक्षीस पुढे कुणाला दिलं?"

बाईंची पेन्सिल थांबली.

"रंगपेटी होती," त्या म्हणाल्या. "तू टेबलावर आणून ठेवलीस. मी कपाटात ठेवली."

"आणि मग?"

बाईंनी बराच वेळ कपाटाकडे बघितले. ते या कचेरीचे कपाट होते.

"दुसरा नंबर कुणाचा होता?" न्यायाधीशांनी विचारले.

"नाही आठवत."

"पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही?"

"मुलांनी विचारलंही असेल. मी टाळ्यांपर्यंतच सांगायची. तेवढ्यात तास संपायचा."

"मला आठवत नाही गं," चाळणी फोनमध्ये म्हणाली. "कुणालाच नाही."

"कळलं की सांग," मुलगी म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.

सहापर्यंत बाईंच्या कागदावर नऊ ओळी झाल्या. लंबू तिसऱ्या ओळीत आली होती आणि 'आपणहून' कुठेच नव्हते. टाळ्यांनंतर बाईंनी दोन ओळींची जागा मोकळी सोडली होती. नववी चिठ्ठी अजून कोरी होती. न्यायाधीश तीच चिठ्ठी पुन्हापुन्हा वाचत होते आणि 'शंका नाही' हा मजकूर मुळात कुणी ठरवला, असे विचारत होते. तो त्यांनीच ठरवला होता, हे धर्मोपदेशकांनी दोनदा सांगून झाले होते.

रंगपेटीचे लंबूला तरी आठवत असेल म्हणून सव्वासहाला चाळणीने डेपोत फोन लावला. उचलणाऱ्याने सांगितले, की वेळापत्रकवाल्या बाई दहा मिनिटांपूर्वी निघाल्या.