काळ्या पानांचं पांघरूण

शिवणकाम करणाऱ्या मावशींना त्या क्रोटनच्या अर्ध्या फांद्या मिळणार होत्या, कलमं करायला. रोपवाटिका चालवणाऱ्या थोरल्या बहिणीने ते लाल-पिवळ्या पानांचं झाड सोपवताना तसं कबूलच केलं होतं. अट एकच, हिवाळा निभवायचा. आणि इथला हिवाळा तो केवढासा! स्वेटर कपाटातून बाहेर येत नसे.

यंदा मात्र एका पहाटे दव गोठलं आणि वरची पानं काळी पडली.

ताई फोनवर म्हणाली, "एक पान तोडू नकोस हं. मेलेली पानंच खालच्या कोंबांचं पांघरूण. थंडी सरेपर्यंत राहू दे."

मावशींनी नवऱ्याला बजावलं. निवृत्त भांडारपाल, टापटिपीचे भोक्ते. "दारात हे काळं बुजगावणं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की महिनाभर!"

मावशी कपडे पोचवून परतल्या तर कुंडीत नुसत्या काड्या. "बघ, कसं स्वच्छ केलं!"

"अहो, आणि तेही माझ्या कापडाच्या कात्रीने?"

तिसऱ्या दिवशी पुन्हा दव गोठलं. खोड मुळापर्यंत सडलं.

"कुणी छाटलं गं?" ताईने विचारलं.

नवऱ्याचं नाव घेतलं तर ताईचे त्यांच्यावरचे टोमणे जन्मभर आपल्यालाच ऐकावे लागणार, हे मावशी जाणून होत्या. दात-ओठ खात त्या म्हणाल्या, "मीच."

झाड ताईचं गेलं. कलमं, कात्रीची धार आणि बहिणीचा विश्वास मावशींचा गेला. नवऱ्याचं काहीच गेलं नाही. उलट अंगण स्वच्छ झालं.