माझ्या पोटात झोपलेले घुबडमास्तर

खट्.

दुपारची वेळ होती. पंखा बंद, नळ बंद, शेजारचा कुकरसुद्धा शिट्ट्या देऊन गप्प बसलेला. त्या शांततेत पत्र्याच्या पेटीची कडी उघडली. वरच्या गोधड्या बाजूला झाल्या आणि कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. एका लहान हाताने मला बाहेर काढलं.

"आजी, हा डबा कसला गं?"

मी डबा नाही, मित्रांनो. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल. जाडजूड पुस्तकाएवढी काळी पेटी, तिच्या आत दोन पांढरी चाकं आणि चाकांभोवती गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी फीत. समोर जे घडेल ते त्या फितीवर उमटतं आणि तिथेच राहतं. माझ्या फितीवर एक माणूस झोपलेला आहे. बाहेरच्या जगात तो त्याच दिवशी उठला, घरी गेला, भाकरी खाल्ली, हे मला माहीत आहे. पण माझ्या आत तो अजून झोपलेलाच आहे. सत्तावीस वर्षं झाली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही. कोऱ्या कॅसेटला आठवण नसते. माझं आयुष्य सुरू झालं ते हायवेलगतच्या द्वारका नावाच्या वस्तीत, मुबीनभाईंच्या माडीवरच्या खोलीत. मुबीनभाई केबलवाले होते. गच्च्यांवरून, झाडांवरून काळ्या वायरी ओढून त्यांनी आजूबाजूच्या वस्तीत घरोघरी चॅनेलं पोचवली होती. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. त्याच्यावर लग्नाची शूटिंगं दाखवायचे, हरवलेल्या गाईगुरांची खबर द्यायचे, आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता लागायची 'घुबडमास्तरांची शाळा'.

घुबडमास्तर म्हणजे देवराम. पेठ तालुक्याच्या डोंगरातला माणूस. एरवी खांबावर चढून वायरी जोडायचा. त्याच्या गावी बोहाडा व्हायचा. त्यात मुखवटे घालून सोंगं नाचवतात, आणि मुखवटे करायची कला देवरामच्या घरातच होती. त्याने कागदाचा लगदा करून घुबडाचं तोंड घडवलं आणि डोळ्यांच्या जागी एका मोडलेल्या कॅसेटची दोन चाकं बसवली. माझ्याच एका बहिणीची चाकं ती. ती फिरायची. मुखवट्याच्या आतून देवराम बोटाने ती फिरवायचा आणि समोर बसलेली पोरं हसून लोळायची.

शाळा मोठी गमतीची होती. घुबडच ते, दिवसा त्याला झोप यायची. मास्तर पाढा म्हणता म्हणता पेंगायचे, घोरायला लागायचे. मग पोरांनी एका सुरात ओरडायचं, "मास्तर, अंधार पडला!" की मास्तर दचकून उठायचे. "पडला? मग घ्या हजेरी." खाली हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की म्हणायचे, "घंटा झाली, पळा." हॉर्न तर सारखेच वाजायचे. म्हणून त्या शाळेत कुणी फारसं शिकलं नाही. पण रविवारी दहा वाजता द्वारकेच्या गल्ल्या ओस पडायच्या, हे मी ऐकलेलं आहे.

पहिल्या रांगेत देवरामची मुलगी तृप्ती बसायची. सात वर्षांची, दोन वेण्यांची. तिला बापाने एक गोष्ट बजावून ठेवली होती. त्यांच्या घरात ती रीतच होती.

"मुखवटा घातला का मी तुजा बाबा नाय. मी मास्तर. सोंग अंगावर असताना मान्साला त्याच्या नात्यानं हाक मारायची नसती. सोंग मोडतं."

तृप्तीने ते कधी मोडलं नव्हतं. मोडलं ते नेमकं मी कॅमेऱ्यात असताना.

रविवारचा भाग आदल्या दिवशीच भरून ठेवायचे. त्या दिवशी दुपारी मास्तर पाढा म्हणत झोपले. पोरं ओरडली, "मास्तर, अंधार पडला!" मास्तर उठले नाहीत. पोरांना वाटलं, आज मास्तर रंगात आलेत. ती आणखी मोठ्याने ओरडली. खरं म्हणजे देवराम सकाळपासून उन्हात खांबांवर होता, अंगात कसकस होती, आणि मुखवट्याच्या आतल्या काळोखात त्याला खरोखरच डोळा लागला होता. मान छातीवर पडली. चाकं फिरायची थांबली. तृप्ती घाबरली. ती उठली, पुढे गेली, घुबडाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "बाबा. बाबा, उठा ना."

मुबीनभाईंनी कॅमेरा बंद केला. माझी फीत तिथेच थांबली.

तो भाग काही लागला नाही. मुबीनभाईंनी माझ्या पाठीवर हिरव्या शाईने 'वाया गेलेली' असं लिहिलं आणि देवरामला म्हणाले, "घेऊन जा घरी. तुझ्या पोरीने सोंग मोडलं, आता तूच सांभाळ." इतर कॅसेटांवर ते दर आठवड्याला जुना भाग पुसून नवा भरायचे. शिल्लक राहिले ते फक्त मी.

देवराम मला घरी घेऊन आला. तो पोरीवर रागावला नाही. लिहिण्याची त्याला सवय नव्हती, पण कॅसेटांचं काम तो जाणत होता. माझ्या कडेला प्लॅस्टिकची एक चिमुकली खिटी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. देवरामने पेचकसाने ती खिटी तोडली आणि बायकोला, चिमणाबाईला, दाखवली. "ह्याच्यात माजी पोर हाय," एवढंच म्हणाला. एखादी कॅसेट जपायची असली की तिच्यावर अशी खूण करतात, मित्रांनो. माझ्या वाट्याला तेवढाच मान आला. मला तो पुरला.

पण त्या खुणेवर उपाय असतो, आणि तो तृप्तीने बापाकडे बघूनच शिकून घेतला होता. खिटीच्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. त्या काळी मोठ्या चॅनेलवर एक कार्टून लागायचं. पतंगावर बसून गावोगाव फिरणारी एक मांजर होती त्यात. तृप्तीचा जीव होता त्या मांजरीवर. त्याचा शेवटचा भाग होता आणि नेमकं त्याच दिवशी सगळ्यांना घोटीला लग्नाला जायचं होतं. घाईघाईत तिने कॅसेट शोधली. माझ्यावर लिहिलेलं होतं, 'वाया गेलेली'. तिने पट्टी लावली, मला मुबीनभाईंनी दिलेल्या जुन्या व्हीसीआरमध्ये घातलं, शेजारच्या मुलीला कार्टून लागलं की बटण दाबायला, संपलं की बंद करायला सांगितलं आणि ती लग्नाला गेली.

माझ्या फितीवर घुबडमास्तरांची हजेरी होती, तिच्यावरून मांजर उडत गेली. पाढे गेले. हॉर्न गेले. मला ओरडता येत नव्हतं.

देवरामने आल्यावर पाहिलं. मग तृप्तीला शेजारी घेऊन बसला. "असू दे. मांजर बेस हाय," म्हणाला. त्याने ते कार्टून तिच्याबरोबर चारपाच वेळा बघितलं असेल. कार्टून संपलं रे संपलं की तृप्ती मला लगेच उलटी फिरवायची, पुन्हा पहिल्यापासून. पुढे काय राहिलंय हे कुणी बघितलंच नाही. मला माहीत होतं. तिने आणखी एक मिनिट मला तशीच चालू दिली असती तर...

दिवाळीच्या आधी देवरामला कावीळ झाली. तीन आठवड्यांत तो गेला.

घरात माणसं बसलेली असताना कुणीतरी म्हणालं, आवाज तरी ऐकू, ती कॅसेट लावा. लावली. पडद्यावर मांजर आली. चिमणाबाईच्या तोंडून तेव्हा एक वाक्य निघालं. ती दुःखात होती, तिला पुढे ते आठवतही नसेल. ती पोरीला म्हणाली, "बापाला पुसलंस गं तू."

मुखवटा गावी गेला. व्हीसीआर कुणी नेला ठाऊक नाही. मी पेटीच्या तळाशी गेले.

तिथे काय होतं ते कसं सांगू? गोधड्यांचा वास होता, डांबराच्या गोळ्या होत्या. पावसाळ्यामागून पावसाळे ओल येत राहिली आणि माझ्या फितीवर पांढरी बुरशी चढत गेली. माझ्या आत पोरं ओरडत होती, मास्तर, अंधार पडला. पेटीत खरोखरच अंधार होता. मास्तर उठत नव्हते. वर, घरात, तृप्ती मोठी होताना मला ऐकू यायची. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. आईकडे आली की ती पेटीवर बसायची, पण पेटी कधी उघडायची नाही. मुलीला निजवताना मात्र पतंगावरच्या मांजरीची गोष्ट सांगायची, आणि शेवटाशी आली की तिचा आवाज बारीक व्हायचा.

ती मुलगी म्हणजे कस्तुरी. पाच वर्षांची. परवा कडी काढली ती तिनेच.

"ठिव ती," चिमणाबाई म्हणाली. "तुज्या आईचं कार्टून हाय त्यात."

"मांजरीचं? पतंगवाल्या?" कस्तुरीने मला पोटाशीच धरलं. "आई, मला बघायचंय."

तृप्ती दारात उभी होती. तिने मला हात लावला नाही. "ते आता दिसत नाही, बाळा. मशीन नाही कुणाकडे."

"शहजादकडं असल," चिमणाबाई हळूच म्हणाली. "बापाची वस्तू टाकनारा नाय तो."

शहजाद म्हणजे मुबीनभाईंचा मुलगा. मुबीनभाई आता नाहीत. त्यांच्या खोलीखाली शहजादचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घुबडमास्तरांच्या शाळेत तो मागच्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा.

मला घेऊन मायलेकी दुकानात आल्या. "ये, तृप्तीताई," तो म्हणाला. "एक भाग वाया घालवणारी बाई. अब्बू शेवटपर्यंत सांगायचे, अख्ख्या शाळेत एकच पोरगी अशी, जिला मास्तरांची काळजी वाटली."

तृप्ती कसंनुसं हसली. "त्या कॅसेटवर मी बाबांचं काहीच ठेवलं नाही रे. नुसतं कार्टून आहे. हिला बघायचंय म्हणून आले."

शहजादने मला कापडाने पुसलं. हिरवी शाई ओळखली. मग कडेवरची पिवळी पडलेली चिकटपट्टी त्याने नखाने सोलली आणि तो थांबला.

"ही खिटी कोणी तोडली?"

"असेल तुटलेली."

"तुटलेली नाही, तोडलेली आहे. वाया गेलेल्या कॅसेटची खिटी कोण तोडतं, ताई?"

तृप्तीने खिटीच्या भोकावरून बोट फिरवलं. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"कार्टून केवढं होतं?"

"वीस-बावीस मिनिटांचं."

"आणि आपली शाळा भरायची अर्धा तास," शहजाद म्हणाला. "त्या दिवशी अब्बूंनी कॅमेरा बंद केला तो शेवटीशेवटीच. मला आठवतंय, भूक लागली होती." त्याने माझं झाकण उचलून फीत उजेडात धरली. "हे बघ, बुरशी आहे. एकदाच चालेल, तीही थोडीच. मध्येच तुटली तर माझ्या हातात काही नाही. मांजर लावू, का पुढचं काढू? काय ते आत्ता ठरव."

"मांजर," कस्तुरी म्हणाली.

तृप्ती तिच्यासमोर खाली बसली. "मांजर मी तुला सांगेन. रोज सांगेन. मला सगळी पाठ आहे. आज दुसरं कुणीतरी बघू या?"

कस्तुरीने थोडा विचार केला आणि मान डोलावली.

शहजादने माझ्या पोटाखालच्या भोकात पेनाची रिफिल दाबून बोटाने चाक फिरवायला घेतलं. हळूहळू, वेढ्यामागून वेढा. मांजर माझ्या आतून सरकत गेली. मित्रांनो, तेवढ्या वेळात मी तुम्हाला माझं एकच मागणं सांगते. तुमच्या घरात कुठे एखादी जुनी वस्तू असेल, आणि तिच्यावर कुणी काही खूण करून ठेवली असेल, गाठ मारलेली असेल, कोपरा दुमडलेला असेल, खिटी तोडलेली असेल, तर टाकण्याआधी, पुसण्याआधी घरात विचारा, हे कुणी केलं? ती माणसं बोलायला असतात तोवरच विचारा. आम्हा वस्तूंना माहीत सगळं असतं, पण आम्हाला विचारलेलं ऐकू येतं, उत्तर देता येत नाही.

शहजादने अब्बूंच्या जुन्या मशीनला वायर जोडली, म्हणजे जेवढं दिसेल तेवढं कॉम्प्युटरवर उतरेल. मला आत ढकललं. माझ्या अंगातून किर्र आवाज निघाला.

पडद्यावर आधी मुंग्या. मग मांजरीच्या पतंगाची शेपटी. मग एक काळी रेघ वरून खाली गेली, आणि तिच्यामागे घुबड.

"बे एके बे," घुबड म्हणालं. "बे दुणे चार. बे त्रिक..."

तृप्तीने शहजादचा दंड धरला. सत्तावीस वर्षांनी तिने तो आवाज ऐकला. थोडा घोगरा, डोंगरातला, झोपेने जड झालेला. खालून एक हॉर्न वाजला. आत्ताचा की तेव्हाचा, कोण जाणे. घुबडाची मान छातीवर पडली. चाकं थांबली. पोरं ओरडली. पुन्हा ओरडली. मग दोन वेण्यांची एक मुलगी उठून पुढे गेली, घुबडाच्या कानाशी वाकली, आणि तिचे ओठ हलले. आवाज जेमतेम ऐकू आला.

बाबा. बाबा, उठा ना.

आणि माझी फीत तुटली. पडदा निळा झाला.

शहजाद उगाचच वायर नीट करत राहिला. कस्तुरी त्या निळ्या पडद्यापाशी गेली, तिने त्याच्यावर तळहात ठेवला, मग वळून आईकडे पाहिलं.

"आई, ती मुलगी तू होतीस ना?"

तृप्तीने मान डोलावली.

"मग आत्ता तू हाक मारलीस, तर उठतील का ते?"