उताराने खाली ने

६४

इंजिनाचा आवाज गेला तेव्हा मला वाटलं, माझे कान भरलेत. घाट चढताना भरतात तसे. मी आवंढा गिळला. आवाज परत आला नाही.

चाकांखालचा रस्ता मात्र ऐकू यायला लागला. आत्तापर्यंत तो बोलत होता हेच माहीत नव्हतं.

शेजारी आन्या बसली होती. माझी मुलगी, चौदा वर्षांची. मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, असं आमचं ठरलंय. कोणी ठरवलं ते आठवत नाही. तिने कानातून इअरबड काढला.

"मॉम? डिड यू टर्न समथिंग ऑफ?"

"नाही गं."

मी ॲक्सलरेटर दाबला. पाय खाली गेला आणि काहीच झालं नाही. विहिरीत पाय सोडावा आणि पायरी लागू नये, तसं. डॅशबोर्डवर एकेक दिवा लागला. पिवळा. लाल. अजून एक लाल. स्टिअरिंग जड झालं.

५९

(आकडे डॅशबोर्डवरचे आहेत, ताशी मैल. त्या दिवशीचं दुसरं काहीच मला क्रमाने आठवत नाही.)

५७

कॅलिफोर्नियातला पचेकोचा घाट. सनीव्हेलहून लॉस बानोसला जाताना मध्ये लागतो. सप्टेंबर, शनिवार, सकाळचे पावणेअकरा. दोन्ही बाजूंना वाळल्या गवताच्या टेकड्या, भाजलेल्या रव्याच्या रंगाच्या. प्रत्येकीवर एक ओकचं झाड, लाडवावर बेदाणा चिकटवावा तसं.

लॉस बानोसला माझा धाकटा भाऊ राहतो, परीक्षित. इकडे घर परवडेना म्हणून त्याने चार वर्षांपूर्वी घाटापलीकडे घेतलं. रोज घाट ओलांडून नोकरीला येतो, रोज ओलांडून परत जातो. पाच आठवड्यांपूर्वी त्याला मुलगी झाली. आज बारसं. मुहूर्त अकरा बावन्नचा. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि मग बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. ती आत्या मी. एकुलती एक.

तीन वर्षांत आम्ही दोघं नीट बोललेलो नाही. घरच्या ग्रुपवर एकमेकांच्या फोटोंना अंगठे देतो, तेवढंच. पण बारशाचा फोन त्याने स्वतः केला. "ताई, नाव तू सांगायचंस," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "येशील ना?"

५१

ते "येशील ना" का, ते सांगते.

जूनमध्ये त्याच्या बायकोचं, रीमाचं, डोहाळजेवण होतं. मी साडी नेसले. ओटीचं सामान घेतलं. गराजमध्ये गाडीत जाऊन बसले आणि अर्धा तास बसूनच राहिले. त्याच्या घरात शिरायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं, हे जमेना. मग मेसेज केला: गाडी बंद पडली रे. टो करावी लागतेय. सॉरी.

खोटं बोलायला यंत्रं बरी. ती मध्येच तोंड उघडत नाहीत.

४७

आणि आता गाडी खरोखरच बंद पडली होती.

४४

"कॉल मामा," आन्या म्हणाली.

"नको. टोवाल्यांना लाव."

"ऑलरेडी कॉलिंग हिम."

फोन स्पीकरवर वाजला. तिकडे घर भरलेलं होतं. भांडी, लहान मुलं, कोणीतरी ओरडत होतं, "पाळणा जरा डावीकडे घ्या, फोटोत पंखा येतोय."

"हां ताई, कुठवर आलात?"

"परू, गाडी बंद पडली."

भांड्यांचा आवाज लांब गेला. तो खोलीबाहेर आला असावा. एक दार सरकलं.

"पुन्हा?"

मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"ही तीच, का दुसरी? मागची टो केली होतीस ना?"

"परू, अरे..."

"नाही, ठीक आहे. रीमाची मावसबहीण आहे इथे, चारुता. ती सांगेल नाव. तू टेन्शन घेऊ नकोस."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बोलता आलं असतं. ऑफिसात एखादी मीटिंग पुढे ढकलतात तसा आवाज होता त्याचा.

"मामा, धिस इज रिअल!" आन्या ओरडली. "द कार इज डेड! वी आर जस्ट रोलिंग!"

४२

एक ट्रक आमच्या डावीकडून गेला. त्याचा हॉर्न आला, लांबला, पातळ होत टेकडीपलीकडे जाऊन पडला. मग काही नाही. वर आकाशात एक घार गोल फिरत होती, इंजिन नसलेलीच. तिला सवय होती.

इतक्या शांततेत मी गाडीत कधी बसले नव्हते. कोणी विचारत नव्हतं, कोणी अडवत नव्हतं. तोंडातून वाक्य आपोआप निघालं.

"जूनमध्ये गाडी बंद पडली नव्हती. मी गराजमध्ये बसून होते. खोटं सांगितलं तुला. आज खरंच पडलीये."

आन्याने माझ्याकडे पाहिलं.

फोनवर फक्त वारा. त्याच्या अंगणातला असेल, नाहीतर घाटातला.

४१

४१

४१

"स्पीड किती आहे?" परीक्षितने विचारलं.

४०

"चाळीस."

"माथा आला का? डावीकडे एक पडका गोठा आहे बघ."

"आत्ताच गेला."

"मग आता उतार लागेल. हॅझर्ड लाव. गिअर न्यूट्रलला टाक. किल्लीला हात लावायचा नाही, स्टिअरिंग लॉक होईल."

"बाजूला थांबवू का? कठड्याला लागून?"

"अजिबात नाही. तिथे जागाच नाही, मागून ट्रक येतात. उताराने खाली ने. तीन-चार मैलांवर पाणी दिसेल, मोठा जलाशय. तिथे उजवीकडे लोक गाड्या लावून पाणी बघतात. तिथवर जाईल गाडी."

"नाही गेली तर?"

"जाईल. एकदा माझं पेट्रोल संपलं होतं, तेव्हा गेली होती."

"तुझं पेट्रोल कधी संपलं?"

"ते रीमाला माहीत नाहीये. तू पुढे बघ."

४६

गाडी स्वतःहून पळायला लागली.

५३

स्टिअरिंग जड, पण ऐकत होतं. आन्याने डावा हात त्यावर ठेवला, मी सांगितलं नव्हतं तरी. दोघींनी मिळून वळण घेतलं.

"उजवं वळण झालं? आता डावं येईल, लांबलचक," फोन म्हणाला. "मग पवनचक्क्या दिसतील."

डावं वळण आलं. लांबलचक होतं. पवनचक्क्या दिसल्या, कडेला उभं राहून हात हलवणाऱ्या पांढऱ्या बायका.

"दिसल्या."

"ब्रेक दोन-तीनदाच हलका लागेल. मग दगड होईल. सारखा दाबू नकोस. लागेल तेव्हा एकदाच, आणि धरून ठेव."

"बरं."

तो लॉस बानोसच्या अंगणात डोळे मिटून उभा असेल आणि तिथूनच आमच्यासोबत घाट उतरत असेल. आतून कोणीतरी त्याला हाक मारली. तो "थांबा हो" म्हणाला, आणि लगेच मला, "तू नको थांबूस."

५८

टेकड्या बाजूला सरकत होत्या, पडदे सरकवावेत तशा. भीती वाटायला हवी होती. ती होती, मागच्या सीटवर, बाळासाठी घेतलेल्या कुंचीशेजारी पट्टा लावून बसलेली. पण पुढे फक्त उतार होता, आणि उताराला माझ्याकडून काही नको होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा भाऊ माझ्या कानाशी श्वास घेत होता. हा घाट जरा आणखी लांब असता तर, असं मला वाटलं. एकदाच. एका वळणापुरतं.

आणि मग पाणी. एकदम, सगळीकडे. रव्याच्या टेकड्यांमध्ये निळं ताट मांडलेलं.

"परू, पाणी."

"आता सपाट लागेल. ब्रेकला पाय नको. मिळेल तेवढा वेग जपून ठेव."

५०

३९

२७

"इट्स नॉट गोइंग टू मेक इट," आन्या म्हणाली. ती सीटवर पुढे झुकून गाडी ढकलत होती, खांद्यांनी.

१८

उजवीकडे. दोघींचे हात. खडी.

९

४

०

"थांबली," मी म्हटलं. "आत आलो आम्ही. रस्त्याबाहेर आहोत."

फोनवर त्याने श्वास सोडला. "मी निघतो."

"वेडा आहेस का? तुझ्या मुलीचं बारसं आहे! आम्ही टो बोलावतो, तू थांब तिथे, चारुताला सांगू दे नाव, मी मागाहून..."

"ताई."

"अरे, तुझी धावपळ नको म्हणून..."

"ताई, मी काय करायचं ते तू ठरवू नकोस. एकदा ठरवलंस. पुरे."

०

एकदा ठरवलं ते असं.

तीन वर्षांपूर्वी बाबा साताऱ्याला हॉस्पिटलात होते, नऊ दिवस. परीक्षितने तेव्हाच नोकरी बदलली होती, पासपोर्टवर नवा व्हिसा लागलेला नव्हता. भारतात गेला असता तर अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तिथेच अडकला असता, आणि नोकरी गेली असती. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. मी गेले. रोज त्याला मेसेज करत होते: बाबा स्थिर आहेत. पहिल्या दिवशी ते खरं होतं. दहाव्या दिवशी मी फोन केला आणि बाबा गेले म्हणून सांगितलं.

"मला निवडू तरी द्यायचं होतंस," असं तो तेव्हा म्हणाला होता. मी म्हटलं होतं, "तुझ्यासाठीच केलं." त्यानंतर अंगठे.

०

फोन अजून चालू होता.

"ये," मी म्हटलं. "मला भीती वाटतेय. ये तू."

"आलोच."

०

आम्ही दोघी बॉनेटला टेकून पाण्याकडे बघत बसलो. बॉनेट गरम होतं, आतून काहीतरी टिकटिक करत निवत होतं.

"यू लाइड अबाउट द कार?" आन्याने विचारलं.

"हो."

"दॅट्स सो लेम, मॉम. आय यूज बेटर एक्सक्यूजेस फॉर जिम क्लास."

"माहितीये. तुझ्या टीचरचे ईमेल येतात मला."

ती हसली. मग मी हसले. मग तिने माझे हात धरून ठेवले, स्टिअरिंग धरलं होतं तसेच.

०

परीक्षित आला तो मोरपिशी कुडता, कपाळाला गंध आणि पायात बागेत घालायच्या रबरी चपला अशा थाटात. मिठी वगैरे मारली नाही. बॉनेट उघडलं, आत बघितलं, किल्ली फिरवून कान लावला. "फ्युएल पंप गेला असणार," म्हणाला आणि बॉनेट लावलं. टोवाल्यांना फोन केला, किल्ली कुठे ठेवतोय ते सांगितलं. कुंचीची पिशवी माझ्या हातातून घेतली.

"मुहूर्त?" मी विचारलं.

"भटजी म्हणाले, साडेबारापर्यंत ओढता येईल. त्यांना घुगऱ्या दिल्यात, खातायत. रीमाने सांगून ठेवलंय, आत्या आल्याशिवाय पाळण्याला कोणी हात लावायचा नाही."

"चिडली असेल."

"चिडलीये ना. माझ्यावर. म्हणाली, निघायला इतका वेळ का लावलास."

३८

त्याच्या गाडीत मी पुढे, आन्या मागे. रस्ता सरळ, दोन्हीकडे बदामाच्या बागा, झाडांच्या रांगा पंख्यासारख्या उघडत आणि मिटत होत्या. रोज इथून पंचाहत्तरने जाणारा माणूस अडतीसने चालला होता. ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता.

"बाबांचं सांग," तो म्हणाला. "स्थिर नको. खरं."

"आत्ता?"

"घरी गेल्यावर पन्नास माणसं आहेत."

मी सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून. कोणती खोली, खिडकीतून काय दिसायचं, त्यांनी कोणत्या नर्सशी भांडण काढलं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, परूकडे किती वाजले? मी म्हटलं, रात्रीचे दोन. म्हणाले, मग झोपू दे त्याला. तेवढंच मी धरून बसले. एका रात्रीचं बोलणं होतं ते, परू. मी सगळ्या आठवड्याला लावलं."

त्याचे हात स्टिअरिंगवर, दहा आणि दोनवर, शिकाऊ माणसासारखे.

"सहाव्या दिवशी रात्री पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सकाळचे आठ वाजलेत. म्हणाले, मग लाव की फोन."

"आणि?"

हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"मी खिडकीपाशी गेले. फोन कानाला धरला. लावला नव्हता, नुसता धरला. तुझा आवाज ऐकून ते रडले असते, मग तू निघाला असतास. परत येऊन म्हटलं, लागत नाहीये."

बागा उघडल्या, मिटल्या. उघडल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घाटात असेल. उतरला की करेल."

त्याने एक हात उचलून तोंडावरून फिरवला. गंध पुसलं गेलं, अर्धं गालावर आलं. गाडी जराही हलली नाही. गावाची पाटी आली. पेट्रोल पंप आला, शाळा आली, रस्त्याच्या कडेला टरबुजं विकणारा आला.

"मामा," मागून आन्या हळूच म्हणाली, "आय थिंक यू मिस्ड द टर्न."

"माहितीये," तो म्हणाला. ते त्याने इंग्रजीतल्या वाक्याला दिलेलं मराठी उत्तर होतं.

पुढचा सिग्नल हिरवा होता. तो सरळ गेला.

"सातव्या दिवशी?" त्याने विचारलं.