अंकुरने कोणतं बीट खाल्लं?

आरजूने प्रयोगासाठी माझं स्वयंपाकघर निवडलं ते बदकामुळे. अंकुरच्या अंघोळीचं पाणी मोजायला मी एक प्लास्टिकचं बदक मागवलं होतं. पाण्यात सोडलं की पोटावर आकडे दाखवायचं. दीड वर्षाच्या पोराच्या पाण्याला थर्मामीटर लावते म्हणून सासूबाई आल्यागेल्यापुढे मला हसायच्या. आरजूला मात्र त्या बदकाचं फार अप्रूप.

आरजू आमच्या शेजारच्या अब्दुल गनी मिस्त्रींची मुलगी. आमच्या बोरी अरब गावातच अकरावी सायन्सला आहे. सरांनी वर्गाला सांगितलं होतं की पेशीच्या पटलातून आतला रंग कशाकशाने बाहेर झिरपतो, ते बीट घेऊन घरी करून पाहा. मी बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. हा प्रयोग मीही ‘केलेला’ होता. म्हणजे फळ्यावरून उतरवून घेतला होता, रंगीत पेन्सिलीने. खरं बीट आमच्या कॉलेजात कुणी कापलंच नव्हतं. त्यामुळे आरजूपेक्षा उत्सुकता मलाच जास्त.

आम्ही बीटाच्या पातळ चकत्या केल्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतल्या. सुरीने ज्या पेशी फाटतात त्यांचा रंग तसाही बाहेर येतो, तो हिशेबात धरायचा नाही, असं आरजूने मला समजावलं. मग चार ग्लास. एकात थंड पाणी, दुसऱ्यात गरम, तिसऱ्यात कपड्याच्या साबणाचं, चौथ्यात मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट. प्रत्येकात पाच चकत्या. बदकाचे आकडे पन्नासच्या पुढे जाईनात, म्हणून गरम पाण्याला आम्ही ‘बदकाच्या पलीकडचं’ म्हटलं.

अर्ध्या तासाने मी ओट्याशी वाकून बघतच राहिले. थंड पाणी होतं तसंच. साबणाचं गुलाबी. गरम पाणी सरबतासारखं लाल, आणि स्पिरिट तर डाळिंबाच्या रसासारखं. या तिन्हींतल्या चकत्या ओल्या कागदासारख्या फिक्या पडलेल्या. तेच बीट, तीच सुरी. थंड पाण्यातल्या पेशींनी आपला रंग धरून ठेवला आणि बाकीच्यांना तो धरता आला नाही.

आरजूने चकत्या एका ताटात चार ढिगांत मांडल्या आणि फोटो काढायला मोबाइल आणते म्हणून घरी गेली. मी स्पिरिटचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. नेहमी माझा एक डोळा अंकुरवर असतो. तेवढा वेळ तो तिकडे नव्हता.

“सुरभी,” सासूबाई दारातून म्हणाल्या, “अवं, याचं तोंड पाह्य.”

ताट उपडं पडलं होतं. चकत्या फरशीभर. मधोमध अंकुर, हनुवटीपर्यंत लाल, मुठीत अर्धी चकती, आणि खूश.

मी त्याच्या तोंडात बोट घातलं. गिळून झालेलं होतं. बीट खाल्ल्याचं काही नव्हतं; पण त्या चार ढिगांतला एक स्पिरिटचा होता, एक साबणाचा. स्पिरिटच्या बाटलीवर लाल अक्षरात ‘विष’ लिहिलेलं मीच सकाळी वाचलं होतं. त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला, पण स्पिरिटचा वास खोलीभर होता, माझ्या बोटांनाही होता. सासूबाई उलटी करवायला मिठाचं पाणी करायला निघाल्या. मी त्यांना थांबवून दारव्ह्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी उलटी करवू नका म्हणून सांगितलं, मग विचारलं, नेमकं कशातलं खाल्लं? मला सांगता येईना. घेऊन या, ते म्हणाले. मग गावातल्या ऑटोवाल्या विक्कीला फोन केला. सवारी सोडून येतो म्हणाला.

आरजू मोबाइल घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. तिने विचारलं, “भाभी, हातातली कोणती हाय?”

मी अंकुरची मूठ उघडली. अर्धी चकती गडद होती, अगदी ताज्या बीटासारखी.

“ही थंड पाण्यातली,” मी म्हटलं.

“पक्कं का?”

पक्कं काहीच नव्हतं. मग आम्ही तेच केलं जे दुपारपासून करत होतो. ती अर्धी चकती धुतली आणि वाटीभर पाण्यात टाकली. दुसऱ्या वाटीत फरशीवरची एक फिकी टाकली. फिकीतून लगेच गुलाबी दोरे सुटायला लागले. अर्धीच्या वाटीतलं पाणी नितळच राहिलं. हातातली थंड पाण्यातली असेल, पण हिच्या आधी त्याने काय खाल्लं?

“आरजू, फिक्या चकत्या किती असायला पाहिजेत?”

तिच्या लक्षात आलं. थंड पाणी सोडून बाकी तिन्ही ग्लासांतल्या फिक्या पडल्या होत्या. म्हणजे पंधरा. पंधराच्या पंधरा सापडल्या तर त्याने फिकी एकही खाल्लेली नाही.

आम्ही गुडघ्यांवर बसून शोधू लागलो. सासूबाईंनी चष्मा लावला. सिलिंडरमागे दोन निघाल्या, डब्यांच्या फळीखाली एक. शंका आली ती चकती वाटीत टाकून बघायची, पाणी गुलाबी झालं की फिक्यांत धरायची. चौदा झाल्या. पंधरावी काही मिळेना. बाहेर विक्कीने हॉर्न दिला.

मी अंकुरला कडेवर उचललं, तर त्याच्या चड्डीच्या मागे काहीतरी ओलं लागलं. चकती होती. त्याने तिच्यावर बैठकच मारली होती.

आरजूने ती सोडवून वाटीत टाकली. पाणी गुलाबी झालं.

“पंधरा,” सासूबाई म्हणाल्या. “आता तरी दम घे वं माय.”

तरीही आम्ही दारव्ह्याला गेलोच. एवढं सगळं मोजूनही मला घरी थांबवेना. डॉक्टरांनी त्याला तपासलं, माझा हिशेब नीट ऐकून घेतला आणि उद्यापर्यंत लक्ष ठेवा म्हणाले. परतताना विक्की म्हणाला, “भाभी, बीट खाल्लं म्हणून दवाखान्यात नेलेलं पोट्टं म्या पह्यल्यांदाच पाह्यलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अंकुरच्या अंगाखालचं दुपटं काढलं आणि देवाचं नाव घेत मला हाक मारली. रात्रीच्या शूने भिजलेल्या पांढऱ्या दुपट्यावर मोठा गुलाबी डाग होता. त्यांना वाटलं रक्त. एरवी मीच सगळ्यांत आधी ओरडले असते. मी ते दुपटं खिडकीपाशी नेलं, उलटसुलट करून पाहिलं. फिकी चकती एवढा रंग देऊच शकली नसती. तिच्यात तेवढा उरलाच नव्हता. हा गडद चकत्यांचा रंग होता, आणि आतल्या किती पटलांतून झिरपून तो इथवर आला होता, तेच मला कळेना. बी.एस्सी.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी भिंतीवरून आरजूला हाक मारली आणि काय झालं ते सांगितलं.

“भाभी, दुपटं धुऊ नका बरं,” तिकडून आवाज आला. “मी येऊन राह्यली.”