उपासाला चालतं

बार्शीच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. नववीतली मी, आणि अकरावीच्या मिशा फुटलेल्या तीन पोरांना पाणी पाजून पहिली! रविवारी सकाळी एस.टी.नं सोलापूरला परत येताना मी कप मांडीवर उभा धरून बसले होते, चढणाऱ्या-उतरणाऱ्याला दिसला पाहिजे की. वैरागपर्यंत तिघांनी विचारलं, "कशाचा गं कप?" तिघांनाही मी भाषणाची सुरुवात म्हणून दाखवली. एकानं तर पुढचंही म्हणायला लावलं.

घरी आले तर दाराला कडी. शेजारच्या रत्नम्मांच्या दाराला कडी. समोरच्या केराबाईंच्याही. गल्लीत एक म्हातारं कुत्रं तेवढं पडलं होतं, त्याला काय कप दाखवू? मग आठवलं. आज काशक्काचं वजन.

मंगळवार पेठेत आमच्या अप्पांचं भुसार दुकान आहे. तिथं पोती तोलायच्या काट्यावर माझी थोरली बहीण उभी होती आणि तिच्याभोवती निम्मी गल्ली. आमचे तोलार ज्ञानूतात्या तीस वर्षं ज्वारीची पोती तोलतायत. त्यांनी दांड्यावरचं वजन सरकवलं, एक डोळा बारीक केला आणि सवयीनं ओरडले, "त्र्याहत्तर! बारदानाचं एक वजा, बहात्तर!"

पोतं नसताना बारदान वजा! सगळे खदाखदा हसले. काशक्कापण हसली, पण पोटावर हात दाबून. हसलं की तिला दुखतं.

"अप्पा, माझा पहिला नंबर आला," मी म्हणाले.

"हो का? वा, वा. जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

तर हे असं.

गंगी झाल्यापासून काशक्काच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ येते. खोकली, हसली, काही उचललं की बाहेर. आडवी पडली की आत. गंगी वर्षाची झाली तरी आईला तिला कडेवर घेता येत नाही. पोर हात वर करून रडते आणि आई नुसती बघते. म्हणून भाऊजींनी दोघींना माढ्याहून आमच्याकडं आणून सोडलं. मोठे डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल; पण एवढ्या चरबीवर टाके धरणार नाहीत, दसऱ्याच्या आत आठ किलो उतरवून या. आणि मधेच गाठ आत जाईनाशी झाली तर धावत या, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

तपासताना आत काशक्का एकटी होती, अप्पा दाराबाहेर. घरी आल्यावर अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" अप्पांना लांबण लावायचा कंटाळा. ते म्हणाले, "खाणं कमी करा म्हणाले. उपास करा की."

झालं! गल्लीला तेवढा एक शब्द पुरला. श्रावण तोंडावर आलेला, त्यात उपास, आणि तोही आजारी माहेरवाशिणीसाठी.

"येकटीनं उपाशी ऱ्हायचं म्हंजे लई वंगाळ," केराबाई म्हणाल्या. "आमी हाय न्हवं? रोज एकजण तुज्यासंगं उपास धरील. न्हायतर पोरगी वाळून जायची."

"वाळण्यासाठीच चाललंय ना हे?" मी म्हणाले.

"तू गप गं. लई शानी."

सोमवार महादेवाचा, तो अव्वानं घेतला. मंगळवार रत्नम्मांनी. गुरुवार, शुक्रवार पलीकडच्या घरांनी वाटून घेतले. शनिवार मारुतीचा, तो केराबाईंचा. बुधवार मोकळा आणि रविवारी वजन.

आता उपास म्हणजे फराळ आलाच. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट असं की साबुदाणा शोधावा लागे. मंगळवारी तुपात परतलेला रताळ्याचा कीस. गुरुवारी भगर आणि दाण्याची आमटी. शनिवारी केराबाईंचे शेंगदाण्या-गुळाचे लाडू, मुठीएवढे. आमच्या घरात निम्मं कानडी चालतं; पोट भरलं की 'साकु' म्हणायचं, म्हणजे पुरे. रत्नम्मा वाढता वाढता विचारायच्या, "साका, काशी?" आणि काशक्का मान खाली घालून ताट पुढं करायची. तिच्या तोंडून 'साकु' म्हणून मी ऐकलं नाही.

मला काय? भाकरी आणि आमटी. लाडवाकडं हात गेला की अव्वा म्हणायची, "तुझा उपास आहे का? मग?"

खरं सांगते, मी जळत होते. आमच्या गल्लीत मी दहा वर्षं राहतेय, माझ्यासाठी कधी कुणी एक वेळचं जेवण सोडलं नाही. काशक्काच्या डोक्याला तेल घालायला रत्नम्मा, पाय चेपायला अव्वा, गोष्टी सांगायला केराबाई. आणि गंगीला सांभाळायला मी. माझा कप दोन दिवस फळीवर होता. तिसऱ्या दिवशी अव्वानं तो काशक्काचं ताक मोजायला घेतला. "बरं माप आहे गं," म्हणाली. कपावर माझं नाव आहे, ते ताकानं पांढरं झालं.

एकदा मीपण काट्यावर जाऊन उभी राहिले. ज्ञानूतात्या म्हणाले, "उतर पोरी, पोतं यायचंय."

दुसऱ्या आठवड्यात शाळेत हुंडेकरी बाईंनी गृहशास्त्राच्या तासाला फळ्यावर तक्ता काढला. शंभर ग्रॅम ज्वारी, तीनशे एकोणपन्नास उष्मांक. शंभर ग्रॅम साबुदाणा, जवळजवळ तेवढेच. शंभर ग्रॅम शेंगदाणे, पाचशे सदुसष्ट. आणि तुपाचे तर नऊशे! बाई म्हणाल्या, "खर्च झाले नाहीत की उष्मांकांची चरबी होते."

मी बाकावरच उठून उभी राहिले. "काय गं, शरणम्मा?" बाईंनी विचारलं. "काही नाही, बाई," म्हणून बसले. पण आख्ख्या गल्लीला कळलं नव्हतं ते मला कळलं होतं. मी सांगणार, सगळ्या आ वासून बघणार, अप्पा म्हणणार, "आमची शरणू नसती तर!" शाळा सुटल्यावर वही काखेत धरून पळत घरी आले.

सोप्यात केराबाई काशक्काला भरवत होत्या. होय, भरवत! तेवीस वर्षांच्या बाईला! माझ्याकडं कुणी वर बघितलंसुद्धा नाही. अव्वा म्हणाली, "आलीस? आधी गंगीला धू, घाण केलीय तिनं."

तोंडापर्यंत आलेले पाचशे सदुसष्ट उष्मांक मी गिळले. खा म्हटलं. खा लाडू.

त्या रविवारी ज्ञानूतात्यांचा हिशेब त्र्याहत्तर. पुढच्या रविवारी चौऱ्याहत्तर. बारदानाचं एक वजा करूनसुद्धा! कुणी हसलं नाही. अप्पा काट्याला तेल घालायला पाहिजे म्हणाले. रत्नम्मा म्हणाल्या, अंगानं पाणी धरलंय. केराबाईंनी निकाल दिला, "उपास कमी पडत्यात. बुधवारबी धरू." काशक्का पदर तोंडाला लावून पोत्यावर बसली होती. आणि मला, लिहायला लाज वाटते, पण मला आतून गुदगुल्या होत होत्या. रात्री मात्र दोनदा दचकून जागी झाले.

नव्या बुधवारी दुपारी शाळेला सुट्टी होती. बायका सगळ्या पुराण ऐकायला गेलेल्या. गंगी पाळण्यातून उतरायला वाकली. पडणार, म्हणून काशक्कानं झेप घालून तिला धरलं, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तोंड पांढरंफटक.

"शरणू, गाठ आत जाईना."

मी हात लावून बघितला. नेहमी मऊ असते ती गाठ सुपारीसारखी टणक लागली. मी तिला आडवी केली, पाय पोटाशी घ्यायला लावले, उशाला बसले. बाहेर टांगा बघायला जावं तर तिनं माझा हात घट्ट धरलेला. गंगी रडत होती. स्पर्धेत सात मिनिटं बोलताना मी एकदा अडखळले नव्हते, आणि आता तोंडातून शब्द फुटेना. अर्धा तास गेला असेल. मग गाठ हळूच आत सरकली. काशक्कानं डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

मी हुंदके देतच सांगून टाकलं. तक्ता, शेंगदाणे, तूप, सगळं.

"मला पंधरा दिवस ठाऊक होतं, अक्का. मी सांगितलं नाही."

ती छताकडं बघत म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"काय?"

"डॉक्टरांनी मला आत सांगितलं होतं. तेल, तूप, शेंगदाणे बंद. चालायचं."

"मग खाल्लंस कशाला? बोलली का नाहीस?"

"सासरी सगळ्यांना वाढून मी शेवटी बसते, शरणू. तोवर आमटी गार झालेली असते. इथं कुणीतरी गरम वाढतंय, अजून घे म्हणतंय. कसं नको म्हणू?" मग ती म्हणाली, "आणि सुरीची भीती वाटते मला. वजन उतरलं नाही तर पोट फाडणारच नाहीत, असंपण वाटायचं."

पंधरा दिवस मी एकटी पापी म्हणून फिरत होते, झोपेत दचकत होते. आणि तेसुद्धा हिचं माझ्या आधीच करून झालेलं! माझं पापसुद्धा हिनं माझं एकटीचं राहू दिलं नाही.

"मग आता?" मी डोळे पुसून विचारलं. "मरायचंय का?"

"नाही गं. आज लई भ्याले. गंगीला उचललं तेव्हा वाटलं, हे शेवटचंच." ती कुशीवर वळली. "पण केराबाईंना कसं सांगू? लाडू घेऊन आल्यावर नको म्हटलं की रडतील. उपासाला नावं ठेवली असं होईल."

आणि मला सुचलं! कप उगाच मिळाला नव्हता. फराळ नको म्हणता येत नाही, पण नेम धरला तर कोण मोडील? श्रावणात बायका वांगं सोडतात, मीठ सोडतात, आणि मग दुसऱ्या बाया त्यांच्या ताटाकडं राखणदारासारख्या बघत असतात.

संध्याकाळी सगळ्या जमल्यावर मी सोप्यात उभी राहिले. "अक्कानं आजपासून नेम धरलाय. बरं वाटेपर्यंत शेंगदाणा सोडला. साबुदाणा, बटाटा, रताळं सोडलं. तेल-तूप थेंबाएवढं. भाकरी, पालेभाजी, ताक. आणि रोज सकाळ-संध्याकाळ सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालत जाऊन दर्शन."

रत्नम्मा म्हणाल्या, "अय्यो, मग उपास?"

"उपासापेक्षा नेम कडक असतो," मी म्हणाले.

केराबाईंनी कपाळाला हात लावला. "व्हय बाई. नेम मोडू न्हाय. आजपासनं माज्या घरचा शेंगदाणा तिच्या नजरंला पडायचा न्हाय!" आणि लगेच पुढं, "मीबी सोडते. पोरीसंगं."

मग रत्नम्मांनी सोडला. अव्वानं सोडला. सोलापुरात शेंगदाणा सोडला म्हणजे जेवणात राहिलं काय? माझ्या भाकरीवरची चटणीसुद्धा गेली. मी म्हणाले, मी कुठं नेम धरलाय? तर अव्वा म्हणाली, "बहिणीसाठी एवढं नाही करवत तुला?"

रोज सकाळी पाच-सहा बायकांची फौज काशक्काला मधे घालून तळ्याकडं निघायची. केराबाई पुढं, काशक्काला दम लागला की ओरडायच्या, "चल गं, द्येव काय हितं चालत येनार हाय व्हय?" मी गंगीला कडेवर घेऊन मागून. एकाहत्तर झालं. एकोणसत्तर. भादव्याच्या शेवटी काटा सदुसष्टावर गेला. त्यातून बारदानाचं एक वजा करून ज्ञानूतात्यांनी जाहीर केलं, "सहासष्ट!" आणि डोक्याचा फेटा काढून उडवला.

डॉक्टरांनी दवाखान्यातल्या काट्यावर बघितलं, तर ते सदुसष्टच भरलं. सहाच किलो उतरले होते, आठ नाही. पण त्यांनी पोट दाबून बघितलं, फेऱ्यांचं ऐकलं आणि म्हणाले, "एवढं कुणी करत नाही. करू या ऑपरेशन. कुणी करून घेतलं हे?"

"गल्लीनं," काशक्का म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात वाद चाललेला. "माज्या मारुतीनं हात दिला." "अहो, माझ्या मंगळवारानं गुण आला," रत्नम्मा म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, उपास करा." माझ्या तोंडात आख्खं भाषण तयार होतं. पण नेम कुणाचा ते सांगायचं, तर आधीचे पंधरा दिवसही सांगावे लागले असते. काशक्काचेही सांगावे लागले असते. आयुष्यातलं सगळ्यात हुशारीचं काम केलं मी, आणि कुणाला म्हणून सांगायची सोय नाही!

आत नेताना काशक्कानं हात पुढं केला. मला वाटलं माझ्याकडं. तो केराबाईंकडं होता. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि दारापर्यंत तशाच गेल्या. मला ती वळून एवढंच म्हणाली, "शरणू, गंगीला उन्हात नेऊ नको."

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. "टाके चांगले बसलेत. तीन महिने काही उचलायचं नाही. नंतर मुलीला कडेवर घ्या, काही होत नाही."

अव्वा रडायला लागली, रत्नम्मा रडायला लागल्या, केराबाईंनी अप्पांच्याच पाठीत धपका घातला. मग सगळे आत घुसले. लहान मूल आत चालत नाही म्हणून मी बाहेर. दाराच्या फटीतून काशक्काचा घोगरा आवाज आला, "गंगी कुठंय?" आणि चार बायका एकदम म्हणाल्या, "हाय हाय, शरणूकडं हाय."

गंगी माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली. आताशा ती रडली तरी हात माझ्याकडं करते, आईकडं नाही. मी तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि बोटांवर मोजलं: कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. मग हीसुद्धा काशक्काच्या कडेवर.